हायड्राच्या सोबतीला विषाणू!

हिरव्या हायड्राच्या अंगातल्या शैवालपेशी अलगद बाहेर काढून वेगळ्या ठेवल्या, की एका दिवसाच्या आत त्या झाडून साऱ्या फुटून जातात! ज्या हायड्राच्या आत त्या पिढ्यान् पिढ्या सुखाने नांदत होत्या, तो मात्र ठणठणीत. १९८१ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात रसेल माइंट्स आणि जेम्स व्हॅन एटन यांच्या हे लक्षात आलं. फुटलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर त्या ठासून भरलेल्या होत्या बहुकोनी, एकसारख्या, भल्यामोठ्या विषाणूंनी. हे वाचलं आणि मला दुसरं काही सुचेनासंच झालं. भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे, आता तुम्हाला सांगते.

हायड्रा आपल्याला शाळेपासून ठाऊक. पुस्तकातली मुकुलायनाची आकृती, कडेला फुटलेलं पिल्लू, खाली नावं लिहायच्या रेघा. परीक्षा संपली की हायड्राही संपतो. पण तो एकदा खराखुरा पाहाच! तळ्यातली थोडी पाणवनस्पती काचेच्या बरणीत ठेवायची, बरणी हलवायची नाही, आणि धीर धरून भिंगातून काचेच्या कडा न्याहाळायच्या. मला दिसला तो तपकिरी होता, सेंटीमीटरभरही नसेल, काचेला तळाकडून चिकटलेला, शुंडकं पाण्यात सैल सोडून दिलेली. जवळून डॅफ्निया नावाचा एक चिमुकला जीव टुणटुणत आला, एका शुंडक्याला नुसता टेकला, आणि जागच्या जागी थिजला. मग बाकीची शुंडकं सावकाश वळली, तोंड ताणत ताणत उघडलं, आणि हायड्राच्या नळीसारख्या अंगात त्या घासाचा फुगवटा वरून खाली सरकताना मला आरपार दिसला. मेंदू नाही, हृदय नाही, पेशींचे जेमतेम दोन थर, आणि ही शिकार!

त्याच्या हिरव्या भावंडाची तर आणखीच मजा. त्याच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये क्लोरेला जातीचं एकपेशीय शैवाल राहतं. प्रत्येक शैवालपेशी पातळ पटलाच्या स्वतंत्र पिशवीत. ती उन्हात साखर तयार करते, हायड्राला देते, आणि हायड्रा तिला आसरा देतो. कडेला पिल्लू फुटलं की शैवालही त्याच्यात जातं. अब्राहम ट्रेम्बले यांनी १७४०च्या सुमारास हॉलंडमध्ये हे हिरवे जीव पाहिले तेव्हा ही वनस्पती की प्राणी, असा प्रश्न त्यांना पडला आणि उत्तर शोधायला त्यांनी ते कापून पाहिले! तुकड्यांचे पुन्हा अख्खे हायड्रा झाले. त्यावर त्यांनी १७४४ साली ग्रंथ लिहिला. विषाणू ही कल्पना तेव्हा दीडशे वर्षं दूर होती.

तर हे विषाणू. हायड्रातलं शैवाल प्रयोगशाळेत वेगळं वाढवता येईना, म्हणून नेब्रास्कातल्या मंडळींनी मोर्चा वळवला पॅरामेशियम बर्सारियाकडे. हा प्राणी नव्हे, एकपेशीय जीव, पण त्याच्याही आत हिरवं क्लोरेला असतं, आणि ते बाहेर छान वाढतं. त्यावर वाढणाऱ्या विषाणूचं नाव पीबीसीव्ही-१. त्याचा व्यास सुमारे १९० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेत पाच हजारांवर मावतील. एवढासा म्हणावा, तर विषाणूंच्या जगात हा पैलवान. एचआयव्हीकडे नऊ जनुकं. याच्याकडे चारशेच्या वर!

आणि त्याचं काम कसं चालतं! वीस त्रिकोणी बाजूंच्या कवचाचा एक कोपरा तो शैवालाच्या भिंतीला टेकवतो. तेवढ्याच जागची भिंत विरघळवून भोक पाडतो, आपला डीएनए आत सोडतो, आणि रिकामं कवच बाहेरच टाकून देतो. काही मिनिटांत शैवालाच्या स्वतःच्या डीएनएचे तुकडे पडायला लागतात. सहा ते आठ तासांत पेशी फुटते आणि हजारेक नवे विषाणू पाण्यात उतरतात.

त्याच्या चारशे जनुकांत काय काय दडलंय, ते वाचताना मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारायला लागले. गुडघेदुखीवर सांध्यात ज्याचं इंजेक्शन देतात ते हायलुरोनन तुम्ही ऐकलं असेल. आपल्या सांध्यांत, त्वचेत, डोळ्यांत ते असतं. ते बनवण्याचं जनुक या विषाणूजवळ आहे! १९९७ साली हे उघडकीला आलं. संसर्ग झालेल्या शैवालपेशीच्या बाहेर हायलुरोननचे तंतू उगवतात, गुळगुळीत पेशी केसाळ होते. तळ्यातल्या शैवालाच्या विषाणूकडे आपल्या गुडघ्यातल्या वंगणाची कृती! पेशीच्या पटलातून पोटॅशियम ये-जा करू देणारं एक प्रथिनही त्याच्याकडे आहे. अवघ्या ९४ अमिनो आम्लांचं, आणि तरी काम चोख.

मग हायड्रातलं, पॅरामेशियममधलं शैवाल मरत का नाही? कारण ते पिशवीत आहे, आणि विषाणूला तिथवर पोचता येत नाही. पण म्हणून तो लांब राहतो असं नाही. पॅरामेशियमच्या बाहेरच्या अंगालाच हे विषाणू चिकटून असतात! घर बंद, आणि उंबरठ्यावर दबा धरून बसलेला वैरी. २०१६ साली जॉन डेलाँग, व्हॅन एटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हे दार उघडतो तिसराच कुणी. कोपेपॉड नावाचे, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले चिमुकले जीव पॅरामेशियम खातात. त्यांच्या पचनमार्गातून शैवाल जिवंत बाहेर पडतं, पण आता ते उघडं असतं, आणि विषाणूंची संख्या बघता बघता शंभरपट होते. म्हणजे तळ्यात विषाणू किती वाढतील हे ठरतं कोण कुणाला खातंय त्यावर. मला हा सगळ्या हकिकतीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

बरं, हायड्राच्या अंगावर फक्त शैवालाचेच विषाणू असतात असंही नाही. जर्मनीत कील इथे थॉमस बॉश यांच्या गटाने हायड्राच्या निरनिराळ्या जातींवरचे विषाणू तपासले आणि २०१४ साली सांगितलं की प्रत्येक जातीचा विषाणूंचा गोतावळा वेगळा. त्यातला मोठा हिस्सा जिवाणूंवर जगणाऱ्या विषाणूंचा. कारण हायड्राच्या बाहेरच्या चिकट थरात जिवाणूंची वस्ती असते, आणि हे जिवाणू त्याचं बुरशीपासून रक्षण करतात. जिवाणू काढून टाकले तर हायड्राला बुरशी धरते! त्यांतल्या कर्व्हिबॅक्टर नावाच्या जिवाणूने तर एक विषाणू आपल्याच डीएनएत बाळगलेला असतो. तो जागा झाला की शेजारच्या डुगानेला जिवाणूला मारू शकतो. म्हणजे हायड्राच्या अंगावर कोणता जिवाणू टिकेल, यातही विषाणूचा हात आला.

हायड्राचा अभ्यास काही परदेशातच होतो असं नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत सुरेंद्र घासकडबी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हायड्रावर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथे अभ्यासलेल्या हायड्राला ‘इंड-पुणे’ असं नावच पडलं. इतका हा प्राणी आपल्या जवळचा आहे, आणि आपण त्याला आकृतीत ठेवून दिलाय.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. विषाणू शैवालाला खातो, हे झालं. विषाणूला कुणी खातं का? डेलाँग यांनी तळ्याच्या पाण्यातल्या हॅल्टेरिया या एकपेशीय जीवाला दुसरं काहीच न देता फक्त हेच क्लोरेलाचे विषाणू दिले. दोन दिवसांत हॅल्टेरियाची संख्या सुमारे पंधरापट झाली, आणि विषाणू शंभरपटीने घटले. पॅरामेशियमही विषाणू गिळत होता, पण त्यावर त्याची वाढ काही झाली नाही. हॅल्टेरिया मात्र निव्वळ विषाणू खाऊन पोसला! हे छापून आलं २०२२च्या डिसेंबरात. आणि हॅल्टेरियाला खाणारे मोठे जीव तळ्यात आहेतच. शैवालातून विषाणूत गेलेलं अन्न विषाणूतून हॅल्टेरियात, आणि तिथून पुढे वर चढत जाणार.