उसना दाब

इंजिन ६००० आरपीएमवर असताना क्रँकशाफ्ट सेकंदाला १०० फेरे घेतो. अर्धा सेकंद तेल पोचलं नाही तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ५० फेरे जवळजवळ कोरडं फिरतं. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याएवढी असते, आणि धातूला धातू लागू न देणारा तेलाचा थर त्याहूनही पातळ. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीचं आयुष्य या थरावर तोललेलं असतं. म्हणून कोणी नवी गाडी दाखवायला आणली की हॉर्सपॉवरच्या आधी मी ऑइल प्रेशर विचारतो.

मी कॅलिफोर्नियात ट्रॅकच्या गाड्या तयार करतो आणि त्यातही पोर्श ९४४ वर माझा विशेष जीव आहे. अडीच लिटरचं हे चार सिलिंडरचं इंजिन दणकट आहे, पण ट्रॅकवर त्याच्या दुसऱ्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग सर्वांत आधी जातं, हे ९४४ वाल्यांना पाठ असतं. त्याचं एक कारण असं: तेल साठतं इंजिनच्या खालच्या चेंबरमध्ये. मोहावी वाळवंटातल्या विलो स्प्रिंग्ज ट्रॅकचं दुसरं वळण उजवीकडे लांबच लांब वळत राहतं. तिथे बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला की चेंबरमधल्या तेलाची पातळी ४५ अंशांनी कलते. तेल डाव्या भिंतीवर चढतं, पंपाला तेल देणाऱ्या पिकअप नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो.

इथे अॅक्युम्युलेटर कामाला येतो. अॅल्युमिनियमचा एक नळकांडा, आत मोकळा सरकणारा पिस्टन, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला तेल. पंप जोरात असताना तेल आत शिरून हवेला दाबतं. पंपाचा दाब पडला की तीच हवा तेलाला इंजिनच्या मेन गॅलरीत, म्हणजे बेअरिंगना तेल पोचवणाऱ्या मुख्य वाटेत, ढकलते. वीज गेल्यावर गच्चीवरची टाकी नळाला पाणी देते, तसंच हे. मात्र या टाकीत किती आहे ते आधी मोजलं पाहिजे. दोन क्वार्टचा, म्हणजे साधारण १.९ लिटरचा नळकांडा घ्या. रिकामा असताना हवेचा दाब गेजवर अर्धा बार ठेवा. इंजिननं ४ बार दिले की वातावरणाचा एक बार दोन्हीकडे धरून, बॉयलच्या नियमानं हवा ३० टक्क्यांवर आकसते आणि सुमारे १.३ लिटर तेल आत मावतं. पण दाब २ बारवर येईपर्यंत त्यातलं ४०० मिलीलिटरच्या आसपासच बाहेर पडतं. पूर्ण वेगातलं इंजिन तेल ज्या गतीनं पितं, ते पाहता ही शिल्लक क्षण-दोन क्षणांची आहे.

बसवण्यात कौशल्य आहे ते होजच्या मार्गात आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या जागेत. तो व्हॉल्व्ह पंप आणि नळकांड्याचा जोड यांच्या मध्ये हवा, नाहीतर साठवलेलं तेल बेअरिंगकडे जायचं सोडून पंपातून उलटं चेंबरमध्ये जाईल. होज रुंद आणि शक्य तितका आखूड ठेवायचा, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब न्यायचा, आणि नळकांडा दोन भक्कम क्लॅम्पनी बॉडीच्या जाड भागाला आवळायचा. ड्रायव्हरच्या मागे तापलेल्या तेलाचं भांडं हलतं राहिलं तर त्याच्यासारखा धोका नाही.

तेलाची पातळी हा स्वतंत्र अभ्यास आहे. नळकांडा भरला की चेंबरमधून सव्वा लिटरहून जास्त तेल कमी होतं, म्हणून तेवढं जादा भरावं लागतं. पण गाडी पिटमध्ये गरम, मंद आयडलवर उभी राहिली की दाब उतरतो, बरंचसं तेल चेंबरमध्ये परत येतं, आणि फिरता क्रँक ते घुसळून फेस करू शकतो. म्हणून क्रम पक्का हवा: रेव्ह वर असतानाच नळकांड्याच्या तोंडावरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद, मग इंजिन बंद. पुढच्या वेळी किल्ली फिरवण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचा. गेजचा काटा वर चढतो आणि सुरू होण्याआधीच बेअरिंगला तेल मिळतं. थंड इंजिनची सर्वांत कठीण वेळ अशी सुखरूप पार पडते.

हे सगळं नीट जमलं की गॅलरीतल्या दाबाची रेघ डेटा लॉगरवर जवळजवळ सपाट दिसू लागते. या रेघेवर समाधान मानणं मला मान्य नाही. नळकांड्यानं दाब सावरून धरला, म्हणून चेंबरमधला दोष आता दिसेनासा झाला. तो गेलेला नाही. म्हणून मी दोन सेन्सर लावतो, एक गॅलरीत आणि एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या आधी, पंपाच्या बाजूला. दोन्ही रेघा बाजूच्या जोराच्या आणि आरपीएमच्या रेघांबरोबर एकाखाली एक लावल्या की खरं चित्र दिसतं. दुसऱ्या वळणाच्या मध्यावर पंपाची रेघ खड्ड्यात जाते आणि गॅलरीची रेघ थोडी वाकून सावरते. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजे गाडी त्या क्षणी किती उसन्या दाबावर धावते आहे त्याचा हिशेब. खड्डा रुंद होत चालला, तर उत्तर मोठा नळकांडा नव्हे. चेंबरमध्ये आडव्या पट्ट्या आणि झडपा बसवून तेल पिकअपपाशी अडवलं पाहिजे.

शेवटी फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात उलगडून पाहायचा. बेअरिंगचा मऊ थर झिजला असेल तर घड्यांमध्ये बारीक चमक सापडते. तेलाच्या तपासणीत शिसं आणि तांबं वाढलेलं दिसतं. सगळं ठीक आहे यावर रेघा, कागद आणि तपासणी या तिघांचं एकमत झालं, तरच मी त्या गाडीला पुढच्या सेशनला जाऊ देतो. अॅक्युम्युलेटर इंजिनला वाचवतो खरा, पण त्याच्यावर विसंबून बघणं सोडलं, तर तोच इंजिनचं दुखणं आपल्यापासून लपवतो. म्हणून तो बसवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी पंपाच्या बाजूचा सेन्सरही बसवावा, असा माझा आग्रह आहे.