मुक्काम पोस्ट कुठला?

पाकिटावर नुसतं ‘मु. पो. शेळगाव’ लिहिलं, तर पत्र कुठे जाईल? एक शेळगाव इंदापूर तालुक्यात आहे, दुसरं जळगाव जिल्ह्यात तापीकाठी. म्हणून ‘ता. इंदापूर, जि. पुणे’ जोडावं लागतं. इंदापुरात उभं राहून बोलणाऱ्याला मात्र नुसतं शेळगाव पुरतं. तालुका न सांगताच कळतो. स्क्रिप्टमधून दुसरा प्रोग्रॅम चालवताना घात होतो तो या न सांगितलेल्या तालुक्यापायी. ‘डेटा/यादी.सीएसव्ही’ हा सापेक्ष पाथ लिहिणाऱ्याच्या मनात स्क्रिप्टच्या फोल्डरपासून सुरू होतो; ऑपरेटिंग सिस्टिम तो प्रोसेसच्या वर्किंग डिरेक्टरीपासून मोजते. टर्मिनलवर आपण बहुधा त्याच फोल्डरमध्ये असतो, त्यामुळे चूक झाकलेली राहते. तीच स्क्रिप्ट ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनकडे सोपवली, की सुरुवात होम डिरेक्टरीतून होते आणि फाइल सापडत नाही. वर्किंग डिरेक्टरी आई-प्रोसेसकडून तिने सुरू केलेल्या लेक-प्रोसेसला मिळते, लेकीकडून आईला नाही. पीडीपी-7 वरच्या युनिक्समध्ये नवी प्रोसेस निर्माण करणारा फोर्क आला, तेव्हा डिरेक्टरी बदलणारी कमांडच निकामी झाली, असं युनिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, डेनिस रिची यांनी 1979 साली लिहिलं आहे: ती नव्या प्रोसेसमध्ये चालायची, त्या प्रोसेसची जागा बदलायची आणि संपायची, शेल होता तिथेच राहायचा.

मग सगळे पाथ मुळापासून पूर्ण लिहावेत का? तसं केलं तर दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या युजरच्या नावाखाली तेच पाथ खोटे ठरतात. काहीजण स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिच्या फोल्डरमध्ये शिरतात. हा उपाय सोपा खरा, पण युजरने त्याच्या जागेवरून दिलेली फाइल मग हरवते, आणि हा दोष मला जास्त गंभीर वाटतो, कारण युजरचं काहीच चुकलेलं नसतं. खरेदीखतात ‘पूर्वेस ओढा, दक्षिणेस रस्ता’ अशी चतुःसीमा असते. तीही सापेक्षच, तरी ती चालते, कारण गाव, तालुका आणि गट नंबर आधी लिहिलेले असतात. स्क्रिप्टनेही आधी स्वतःचा पत्ता काढावा, सोबतच्या फायली त्यापासून मोजाव्यात, युजरच्या फायली त्याच्या जागेपासून, आणि दोन्ही पूर्ण करूनच बाहेरच्या प्रोग्रॅमच्या हाती द्याव्यात. खुद्द प्रोग्रॅमचा पाथही यातून सुटत नाही. पायथनच्या सबप्रोसेसला वेगळी वर्किंग डिरेक्टरी दिली, तर युनिक्सवर प्रोग्रॅमचा सापेक्ष पाथ त्या नव्या डिरेक्टरीपासून शोधला जातो. विंडोजवर तसं धरून चालता येत नाही.