पी.जे.ने मिळालेलं बी.एड.

आमच्या मुक्ताईनगरला रेल्वे स्टेशन नाही. घरातली जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात, तेव्हाही नव्हतं. हायवे गावातून जातो, पण गाडी धरायची तर बोदवड, मलकापूर नाहीतर भुसावळ गाठावं लागतं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला हे फार चमत्कारिक वाटलं होतं, कारण माझं माहेर शेंदुर्णी. तिथे घरात घड्याळ नसलं तरी चालायचं. पी.जे.ची शिट्टी झाली की अम्मी भाकरी टाकायला घ्यायची.

पी.जे. म्हणजे पाचोरा-जामनेर. बाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो विनोद समजून हसतो. मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावरच्या पाचोऱ्याहून निघून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा करत जामनेरला संपणारी ही 56 किलोमीटरची नॅरोगेज लाईन. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. मोठ्या लाईनीचं 1676. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला, 1918-19 मध्ये ती सुरू झाली. खानदेशात त्याआधीच रेल्वेचं जाळं पसरलं होतं. 1900 साली चाळीसगाव-धुळे फाटा झाला, त्याच काळात सुरतेकडून तापी व्हॅली रेल्वे आली. या सगळ्यांच्या मागे मुख्य कारण एकच, कापूस. जामनेर तालुक्यातली काळी जमीन, तिथला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत न्यायचा. रूळ अरुंद ठेवले की पूल हलके चालतात, जमीन कमी लागते, वळणं आखूड घेता येतात. थोडक्यात, स्वस्तात काम.

पण त्या स्वस्ताईतच पुढचं दुखणं होतं. छोट्या वाघिणीतला माल पाचोऱ्याला उतरवून मोठ्या वाघिणीत भरावा लागायचा. माझे नाना तिथे हमाल होते. पक्की दाबलेली गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास भरते. नाना म्हणायचे, अरुंद रुळांनी आम्हाला रोटी दिली. खरंच होतं ते. रूळ सारखे असते तर डबे सरळ पुढे गेले असते आणि नानांची गरजच पडली नसती. पुढे ट्रक आले. ट्रक जिनच्या दारात भरतो आणि थेट मुंबईत रिकामा होतो, मध्ये उतरवाउतरवी नाही. कापूस गाडीवरून गेला, नानांचं कामही गेलं. उरली ती माणसं.

माणसांनी मात्र ही गाडी आपली करून घेतली. दूधवाले, भाजीवाल्या, शाळा-कॉलेजची पोरं, माहेरी निघालेल्या बाया. वेग असा की 56 किलोमीटरला जवळपास दोन तास. तिकीट एसटीपेक्षा पुष्कळ कमी. आणि आमच्या घरात तिची खरी किंमत वेगळीच होती. मी बी.एड.चं नाव काढलं तेव्हा अब्बा गप्प बसले. कॉलेज पाचोऱ्याला, रोज जाऊन येऊन करायचं, मुलगी एकटी. शेवटी अम्मी बोलली, "बस में कौन बैठेला है मालूम नै. रेल में तो सब अपनेच गाँव के हैं." एवढ्यावर परवानगी मिळाली. माझ्या शिक्षणाबद्दल घरात दुसरी कुठली चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

गाडीची वेळ आणि कॉलेजची वेळ कधी जुळली नाही. मी लवकर पोचायचे आणि फलाटावरच्या बाकावर पाठ टाचण काढत बसायचे. सराव पाठाच्या दिवशी सोबत तक्ते असायचे. डब्यात ते कुठे ठेवायचे हा प्रश्न. एक भाजीवाली मावशी दर वेळी मेथीच्या जुड्या बाजूला सारून तक्ता स्वतःच्या मांडीवर उभा धरायची. एकदा उर्दूचा तक्ता होता. तिने विचारलं, "हे उल्ट्या बाजूनं कामून लिहिता व?" मी तिचं नाव उर्दूत लिहून दाखवलं. तिने तो कागद कमरेच्या पिशवीत, पैशांबरोबर ठेवला. आज वर्गात दोन्ही भाषा शिकवते, पण इतका लक्ष देणारा विद्यार्थी क्वचितच भेटतो.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या. पी.जे. झाली नाही. पाचोऱ्याकडे लोकांनी आंदोलनं केली. मग रुंदीकरण मंजूर झालं, तेही जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत वाढवून. सगळी मिळून 84 किलोमीटरची लाईन.

शहरातले काही लोक हळहळतात, हेरिटेज गेलं, खेळण्यातली गाडी गेली. मला ते पटत नाही. रोज दोन तास त्या डब्यात हादरे खाणाऱ्याला हेरिटेज नको असतं, वेळेवर पोचायचं असतं. ब्रॉडगेज व्हावं या मताची मी आहे, आणि त्यात माझा स्वार्थही आहे. बोदवडला गाडीत बसावं आणि थेट शेंदुर्णीला उतरावं, हे मला आजवर जमलेलं नाही. आज बोदवड, जामनेर, पहूर असं बस बदलत जावं लागतं.

माझी काळजी दुसरीच आहे. मोठी लाईन झाली की गाड्या मोठ्या गावांच्या होतात. वरखेडीला, भागदऱ्याला थांबतील का? सकाळी कॉलेजच्या वेळेला पॅसेंजर असेल का? 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचा भार कमी झाला हे मान्य करायला हवं. पण संध्याकाळची बस चुकली तर पुढची कधी, हे घरच्यांना सांगता येत नाही, आणि आमच्यासारख्या घरांत मुलींची कॉलेजं फीपेक्षा याच कारणाने जास्त सुटतात.

माझी भाची पाचोऱ्याला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. परवा भाभी फोनवर म्हणाली, रोजची धावपळ बघवत नाही, एवढं वर्ष झालं की बस. मी म्हटलं, माझ्या भावाला फोन दे. तो शेतात होता. रविवारी मी शेंदुर्णीला जाते आहे. जूनमध्ये दुसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा आहे, आणि लाईन तोवर होणार नाही.