जिन्यातली हिंमत

रात्रीचे अकरा. आज बजाज ऑटोचे राहुल बजाज सारखे आठवताहेत. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतल्या एका समारंभात, गृहमंत्री अमित शहा मंचावर असताना त्यांनी सुनावलं होतं, की सरकारवर उघड टीका करायला उद्योगपती घाबरतात. घाबरायचं कारण नाही, असं शहांचं उत्तर होतं.

बजाजांचं सगळंच मला पटायचं असं नाही. १९९३मध्ये उद्योगपतींच्या ‘बॉम्बे क्लब’च्या वतीने परदेशी कंपन्यांच्या स्पर्धेपुढे देशी उद्योगांची बाजू मांडणारेही तेच. तेव्हा मला बजाजच्याच स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं ताटकळलेले वडील दिसत. पण पटो न पटो, त्यांचं म्हणणं तोंडावर असे.

आणि मी? संध्याकाळी सोसायटीच्या सभेत अध्यक्षांपुढे मूग गिळून बसलो. तावातावाने बोललो, ते जिना उतरताना.