क्योतोची शाकुहाची : पहिली बासरी घेताना

जपानच्या यात्रेला निघताना नववीतल्या धाकट्या लेकीने एकच मागणी केली. "पप्पा, तिकडची बांबूची बासरी आणा. शोभेची नको, वाजणारी आणा." तिच्या आईने भिशीचे पैसे माझ्या हातावर ठेवले. कारकुनाच्या घरातून अशी रक्कम बाहेर पडते तेव्हा ती सत्कारणी लागलीच पाहिजे. म्हणून तेथे जे पाहिले व ऐकले ते वाचकांसाठी लिहीत आहे.

क्योतो शहराच्या आग्नेय भागात तोफुकुजी हे १२३६ साली स्थापन झालेले मोठे झेन विहार आहे. नोव्हेंबरात तेथे मेपलची लाल पाने पाहायला खूप गर्दी होते. त्याला लागूनच म्योआनजी नावाचे छोटे, शांत विहार आहे. शाकुहाची या बासरीची परंपरा येथे जपली जाते. पूर्वी फुके पंथाचे कोमुसो भिक्खू डोक्यावर चेहरा झाकणारी मोठी टोपली घालून ही बासरी वाजवीत भिक्षेला फिरत. त्यांच्या दृष्टीने बासरी फुंकणे हेच ध्यान होते. त्याला 'सुइझेन' म्हणतात. मला आपल्या आनापानसतीची आठवण झाली. तेथेही श्वास, येथेही श्वास.

पण एक गोष्ट मनाला लागली. त्या पंथाचे दार फक्त सामुराई घराण्यातील पुरुषांना उघडे होते. सामान्य माणसे आडून-पाडून शिकत, पण अधिकृत हक्क वरच्यांचाच. १८७१ साली मेईजी सरकारने हा पंथ बरखास्त केला आणि बासरी सर्वांची झाली. आज मुलीही ती वाजवतात. आपल्या गावगाड्यात वाजविण्याचे काम खालच्यांवर लादले होते, तिकडे ते वरच्यांनी राखून ठेवले होते. दोन्हीकडे वाद्याला नव्हे, माणसाला मोजले गेले.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. आमच्या मार्गदर्शकाने दुभाष्याचे काम केले. मी लगेच बांबूच्या मुळाच्या गाठी असलेली एक देखणी बासरी उचलली. किंमत लाखो येनची! फुंकली, तर नुसता वारा. आजोबा हसले. त्यांनी साध्या तीन बासऱ्या काढल्या आणि स्वतः एकेक वाजवून दाखविली. शिकणाऱ्याने आपल्या फुंकीवर बासरी पारखू नये. फुंक कच्ची असते आणि दोष बासरीला लागतो. खालचे व वरचे, दोन्ही सप्तक जाणत्याकडून वाजवून घ्यावेत.

पुढची गोष्ट लांबीची. एक शाकु आठ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, ही नेहमीची लांबी. नावही त्यावरूनच पडले, कारण हाची म्हणजे आठ. शिकायला हीच घ्यावी. भोके पाच, चार पुढे व एक मागे. मी लेकीचा पंजा कागदावर आखून नेला होता. आजोबांनी त्यावर बासरी ठेवून बोटे पोहोचतात का ते पाहिले.

मुळाच्या गाठी शोभेच्या. त्या नसल्या तर किंमत बरीच उतरते. आतून लेप देऊन पोकळी सारखी केलेली बासरी सुरात नेमकी असते. लेप नसलेलीचा आवाज गंभीर, पण ती सुरात धरणे नवशिक्याला जड जाते. बांबू काही वर्षे वाळवलेला असावा. उजेडात फिरवून तडा पाहावा. मधोमध जोड असेल तर तो घट्ट बसतो ना, तेही पाहावे. किन्को आणि तोझान या दोन घराण्यांची स्वरलिपी वेगळी आहे, म्हणून शिकवणारा आधी ठरवावा आणि मग बासरी. हात अगदीच आखडता असेल तर प्लॅस्टिकच्या शाकुहाचीवर सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही.

मी बिनमुळाची, जोडाची, साधी बासरी घेतली. वाजवून झाल्यावर आतून फडक्याने पुसावी, उन्हात ठेवू नये, कोरड्या हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळावी, नाहीतर बांबू तडकतो, असे आजोबांनी दोनदा बजावले.

घरी अकरा रात्री नुसता वारा निघाला. "भिशीचे पैसे पाण्यात गेले का हो?" असे सौ.ने विचारलेही. बाराव्या रात्री सारी भोके झाकून लेकीने 'रो' हा पहिला सूर काढला. हलका, थरथरता, पण खरा. सौ.ने हातातली भांडी खाली ठेवली आणि म्हणाली, "पुन्हा वाजव."

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलांना वाद्य घेताना दिखाव्यावर जाऊ नका. सुरात असलेली साधी बासरी घ्या आणि बारा रात्री धीर धरा.