दारांत बसलेल्या बायका

आमच्या घरीं दर गुरुवारीं दुपारीं चार वाजतां टाळ वाजूं लागतात आणि त्याच मिनिटाला आम्ही अभ्यासिकेचें दार लावून घेतों. हा क्रम आज वीस वर्षें चालत आला. सौभाग्यवतींचें भजनी मंडळ आणि आमचें वाचन यांचें उघड भांडण कधींच झालें नाहीं. परंतु त्या लावलेल्या दाराआड आम्हीं थोडेंसें तुच्छतेचें हसूं वर्षानुवर्षें जपून ठेवलें होतें. तें अलीकडे ओठांवरून उतरलें आहे. कसें उतरलें, तेवढेंच येथें सांगावयाचें आहे.

आम्ही आगरकरांच्या लेखनावर पोसलेल्या घरांतले. ‘सुधारक’ 1888 सालीं निघाला. आमच्या आजोबांच्या बोलण्यांत त्याचा उल्लेख वेदवाक्यासारखा येई. स्त्रीच्या पायांतल्या बेड्या घडविणारा लोहार म्हणजे धर्म, हें आम्ही लहानपणींच शिकलों. आणि पुढें स्त्रियांच्या दास्यावरील मिलचा 1869 चा निबंध महाविद्यालयांत शिकवूं लागलों, तेव्हां सुधारणेची वाट ग्रंथालयांतूनच जाते, देवघरांतून नव्हे, अशी आमची खात्रीच झाली.

त्याच सुमाराची एक गोष्ट आहे. शेजारच्या बिऱ्हाडांत नवी सून आली होती. रात्रीं भिंतीपलीकडून माराचा आवाज येई, आणि रडण्याचा येत नसे. तें अधिक भयंकर वाटे. दुसऱ्याच्या घरांत कसें पडावें, बोललों तर तिचेच हाल वाढतील, असा सुज्ञ विचार करून आम्ही खिडकी लावून घेत असूं आणि सकाळीं वर्गांत जाऊन मिल शिकवीत असूं. सौभाग्यवतींनीं मात्र त्या मुलीला भजनाला बोलावलें. देवाच्या कामाला सासूला नाहीं म्हणवेना. एका गुरुवारीं ती आली नाहीं. तेव्हां नऊ-दहा बायका टाळ घेऊन तिच्या घरीं गेल्या, आज भजन तुमच्याकडे असें सांगून दारांतच बसल्या, आणि दिवेलागणीला तिचा नवरा आला तरी उठल्या नाहींत. आम्हीं त्या प्रकाराला भाबडेपणा म्हटलें आणि विसरून गेलों.

ही विसरलेली गोष्ट आठवली ती एका पुस्तकामुळें. गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीनें लेमा बोवी या लायबेरियन बाईंचें 2011 सालचें आत्मचरित्र आमच्या हातीं दिलें.

पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा हा लहानसा देश 1989 च्या अखेरीपासून 2003 पर्यंत, मध्यें थोडा श्वास घेत, यादवींत जळत होता. अडीच लाखांच्या आसपास माणसें मेलीं असें मानतात. पोरांच्या हातीं बंदुका आल्या. बायकांवरील अत्याचार हें लढाईचेंच एक हत्यार झालें. 29 जुलै 1990 रोजीं राजधानी मन्रोव्हियांतील सेंट पीटर्स या लूथरपंथी चर्चमध्यें आसऱ्याला आलेल्या सुमारें 600 निःशस्त्र लोकांची सरकारी सैनिकांनीं कत्तल केली. जेथें देवानें राखलें नाहीं, तेथें पुन्हां हात जोडायला कोण जाईल? परंतु बोवीबाई पुढें त्याच चर्चच्या आश्रयानें, युद्धानें मनें मोडलेल्या लोकांना सावरण्याचें काम करूं लागल्या. त्या स्वतःही मारहाण करणाऱ्या माणसापासून मुलांना घेऊन निघालेल्या होत्या. 2002 सालीं एका रात्रीं त्यांना स्वप्न पडलें : बायकांना जमव आणि शांततेसाठीं प्रार्थना कर. त्याच चर्चमध्यें दर मंगळवारीं दुपारीं वीसएक बायका जमूं लागल्या.

येथपर्यंत वाचून आमचें जुनें हसूं ओठांवर आलेंच होतें. पुढची पानें उलटलीं आणि तें विरलें.

पोलीस खात्यांतील असातू बा केनेथ या मुसलमान बाई त्या प्रार्थनेला आल्या आणि आपल्या भगिनींनाही यांत आणीन असें म्हणाल्या. ख्रिस्ती बायकांत कुरबूर झाली. गोळी कांहीं धर्म विचारून लागत नाहीं, हें एकमेकींना पटवून देण्यांत बरेच दिवस गेले. मग शुक्रवारीं नमाज सुटतांना मशिदींसमोर, शनिवारीं बाजारांत, रविवारीं चर्चमध्यें, असा त्यांच्या प्रचाराचा क्रम ठरला. हें वेळापत्रक आम्हांला फार बोलकें वाटतें. होरपळलेल्या देशांत गरीब बाई सांपडावयाची कोठें? व्याख्यानाला ती येत नाहीं, वर्तमानपत्र तिच्यापर्यंत पोंचत नाहीं. ठराविक वारीं, ठराविक वेळीं, कोणाची परवानगी न मागतां ती जेथें जाऊं शकते, अशा जागा दोनच : बाजार आणि देवाचें दार.

एप्रिल 2003 मध्यें या बायका राजधानींतल्या मासळीबाजाराजवळच्या मैदानांत पांढरे कपडे घालून, अंगावर दागिना न ठेवतां, उन्हापावसांत बसूं लागल्या. अध्यक्ष चार्ल्स टेलर यांची मोटार त्याच रस्त्यानें जात असे. हे टेलर मोठे भाविक म्हणून मिरवीत. बंडखोरांचे पुढारीही मशिदींत जाणारे. येथेंच त्या बायकांची खरी चतुराई आहे. ज्या देवाचें नांव घेऊन हीं माणसें चारचौघांत उभीं राहत, त्याच देवाचें नांव घेऊन बायका त्यांच्या वाटेवर बसल्या. त्यांना हुसकावणें म्हणजे स्वतःच्याच प्रार्थनेला खोटें पाडणें होतें. 23 एप्रिल रोजीं टेलर यांना भेट द्यावी लागली. बोवीबाईंनीं निवेदन वाचलें, पण टेलरांकडे तोंड करून नव्हे. तेथें बसलेल्या ग्रेस मायनर या सिनेटमधील अधिकारी बाईंना उद्देशून. बायकांचें गाऱ्हाणें बाईनें राजापर्यंत न्यावें, असा त्याचा अर्थ.

वाटाघाटी घाना देशांत सुरू झाल्या आणि आठवडेच्या आठवडे लांबल्या. सेनानी चांगल्या हॉटेलांत राहत होते आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफा पडत होत्या. जुलै महिन्यांत सुमारें 200 बायका आक्रा येथील सभागृहाच्या दारांत हातांत हात गुंफून बसल्या. करार केल्यावांचून कोणी बाहेर पडावयाचें नाहीं! पहारेकरी धरावयास आले, तेव्हां बोवीबाई स्वतःचीं वस्त्रें उतरवूं लागल्या. आईच्या वयाच्या बाईनें पुरुषासमोर असें करणें हा त्या मुलखांत घोर शाप मानतात. पहारेकरी मागें सरले, मध्यस्थ जनरल अबूबकर पुढें आले. 11 ऑगस्टला टेलर देश सोडून गेले आणि 18 ऑगस्ट 2003 रोजीं करारावर सह्या झाल्या. त्याला इतरही कारणें होतीं, बंडखोर राजधानीच्या वेशींत होते. पण दारांतल्या बायकांना वगळून तो इतिहास कोणाला सांगतां यावयाचा नाहीं. 2006 सालीं एलेन जॉन्सन सरलीफ या अध्यक्षपदावर आल्या. 2011 सालीं त्या आणि बोवीबाई नोबेल शांतता पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या. आपल्या देशांतील महिला पोलिसांचें एक पथकही 2007 पासून 2016 पर्यंत मन्रोव्हियांत राखणीला होतें, हेंही आम्हांला याच निमित्तानें कळलें.

तर आम्ही आतां श्रद्धेचे पुरस्कर्ते झालों काय? तसें नाहीं. सहन कर, क्षमा कर, हेंच तुझें व्रत, असें बाईला सांगावयास तोच धर्म आणि तेंच देवघर हजारों वर्षें कामास आलें आहे. शिवाय श्रद्धेनें सर्व मिळतें असेंही नाहीं. टेलर यांना 2012 सालीं पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांबद्दल. लायबेरियांतील बायकांवर जें गुदरलें त्याचा निवाडा त्या खटल्यांत नव्हता. निवाड्याला न्यायालयच लागतें आणि कायदाही लागतो. आगरकर आणि मिल यांची गरज तेथें उरतेच. आमची चूक एवढीच, कीं बाई त्या न्यायालयाच्या पायरीपर्यंत येते कशी, हा प्रश्न आम्हीं कधीं स्वतःला विचारला नाहीं. एकटी बाई येत नाहीं. आधीं ती दहाजणींत बसते; बसण्यासाठीं तिला एक निमित्त लागतें, आणि तें निमित्त असें लागतें कीं घरच्यांना नाहीं म्हणतां येऊं नये.

शेजारच्या त्या सुनेचें पुढें काय झालें, हें आम्हीं परवां सौभाग्यवतींना प्रथमच विचारलें. एवढ्या वर्षांनीं विचारतां होय, असें त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलें. बोलल्या मात्र नाहींत. मार एका दिवसांत थांबला नव्हता. मंडळ आणखी तीनदां त्या दारांत जाऊन बसलें होतें. चौथ्या खेपेस ती मुलगीच बाहेर येऊन त्यांच्यांत बसली आणि त्यांच्याबरोबरच निघाली. वर्गणी काढून त्यांनीं तिला शिवणयंत्र घेऊन दिलें. आतां ती दुसऱ्या गांवीं असते. मुलगा शिकतो आहे. भिंतीच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हांला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें.

गेल्या गुरुवारीं आम्हीं अभ्यासिकेचें दार लावलें नाहीं. टाळ पूर्वीइतकेच कर्कश वाजतात आणि वाचन मुळींच होत नाहीं. मंडळांत एक नवी मुलगी आली आहे. ती अद्याप कोणाशीं बोलत नाहीं.