गाडी बदलण्याचे गाव

कुर्डुवाडीला कुणी जात नसे. कुर्डुवाडीला गाडी बदलत. मुंबई-सोलापूरच्या मोठ्या गाडीतून उतरायचे, वळकटी आणि पोरे मोजून घ्यायची आणि पंढरपूरची, बार्शी-लातूरची किंवा मिरजेची छोटी गाडी केव्हा सुटते याची वाट पाहत बसायचे. ही वाट कधी तासाची, कधी अख्ख्या रात्रीची. लोकांच्या या खोळंब्यावरच निम्मे गाव जगत होते: चहावाले, भजीवाले आणि सगळ्यांत अधिक हमाल.

माझे वडील तिथे पार्सल ऑफिसात कारकून होते. १९९० साली त्यांची बदली कल्याणला झाली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्यानंतर परवा, पस्तीस वर्षांनी, लातूरला व्याख्यानासाठी निघालो आणि वाटेत कुर्डुवाडीला उतरलो. आता मुंबईहून लातूरला थेट गाडी जाते. तरी मी मुद्दाम गाडी बदलली.

छोट्या गाडीची हकिगत मोठी आहे. मुख्य लोहमार्ग बार्शीची पेठ बाजूला टाकून गेला, म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी हा अडीच फूट रुंदीचा मार्ग घातला. कुर्डुवाडी स्टेशनला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. पुढे तो मार्ग पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरज असा सव्वातीनशे किलोमीटर पसरला. १९५४ साली सरकारने तो कंपनीकडून घेतला. आषाढीला वारकरी डब्यात मावेनात, ते टपावर बसत. चालत्या गाडीतून उतरून उसाचे कांडे मोडावे आणि पुन्हा चढावे, असे सांगत. असा चढणारा मी एकही पाहिला नाही, सांगणारे मात्र पुष्कळ पाहिले!

मोठा मार्ग साडेपाच फुटांचा. मधल्या तीन फुटांत कित्येकांची भाकरी होती. छोट्या वॅगनमधले प्रत्येक पोते पाठीवर घेऊन मोठ्या वॅगनमध्ये टाकावे लागे. त्या पोत्यांच्या थप्प्यांवर आमचे बालपण गेले.

आता तो छोटा फलाटच मला सापडेना. टप्प्याटप्प्याने सारे रूळ रुंद झाले. २००८ साली लातूरची वाट मोकळी झाली, मागोमाग मिरजेची. गाड्या येतात, क्षणभर थांबतात, जातात. उतरतो तो कुर्डुवाडीचाच माणूस.

बाकावर एक म्हातारे बसले होते. मी छोट्या फलाटाची चौकशी केली, तसे त्यांनी मला निरखून पाहिले.

“पार्सलबाबूंचं थोरलं पोरगं व्हय तू? नाक त्येंचंच हाय.”

आम्ही सगळ्याच हमालांना मामा म्हणत असू. हे त्यांतलेच एक. मी चहा मागवला.

“रूळ रुंद झालं आन् आमचं काम सरलं,” मामा म्हणाले. सूर तक्रारीचा नव्हता; पाऊस ओसरला म्हणावे तसा होता. बरोबरीचे कुणी शेतावर गेले, कुणी पुण्याला वॉचमन झाले. हे मात्र रोज संध्याकाळी इथे येऊन बसतात.

मी म्हटले, “मामा, त्या रुळांचा राग नाही येत?”

“यायचा. २०१६ सालापातुर यायचा.”

त्या उन्हाळ्यात लातूर कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला दहा टाक्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी; पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या धावल्या. पंढरपूर, कुर्डुवाडी करीत त्या लातूरला जात. मामांची लेक लातुरात दिलेली.

“आमच्या छोट्या गाडीनं त्यातली एक टाकीबी ओढली नसती,” ते म्हणाले. “म्या हितंच हुभा ऱ्हाऊन सगळ्या टाक्या मोजल्या. कुनी सांगितलं नव्हतं मोजाया. सवय!”

लेकीच्या गल्लीत टँकर यायचा. त्यातले पाणी मिरजेचे की जवळच्या एखाद्या विहिरीचे, हे तिला काही ठाऊक नव्हते. मामा मात्र ते मिरजेचेच धरून चालतात.